न नेलेली लग्नं

वासवानीच्या काउंटरवर यादी ठेवली,
वहीचं पान, पेन्सिलीनं लिहिलेलं, तीनदा खोडलेलं.
"कूलर?" तो म्हणाला, "भाऊ, नवतपात
कूलर मागून रायले तं खिडकीचं माप सांगा."
बाहेर बर्डीवर डांबर चपला धरून ठेवत होतं.

प्रोसेसरपायी आठवडा गेला.
होमेश म्हणे, कोअर मोज, बाकीचं मग पाहू,
व्हिडिओ म्हणजे इतवारीतली हमाली,
जितके खांदे तितकी पोती.
मी बारा खांद्यांपर्यंत गेलो,
पाकीट पाहून आठवर परतलो,
पण घेतला तो कुलूप नसलेला,
ज्याचा गुणक आपल्या हातानं चढवता येतो.
नावाच्या शेवटी एकच अक्षर जास्त,
त्या अक्षराचे अडीच हजार.

बोर्ड निवडला वीज वाटणाऱ्या भागावरचे
जाड ॲल्युमिनियमचे कंगोरे बोटानं चाचपून.
पॉवर सप्लाय साडेसहाशे वॅट
("इथं कंजुषी करशीन तं सगळंच जाळशीन बे").
कॅबिनेट जाळीचं. काचेचं नको, रंगीत दिवे नकोत.
यावर वासवानी खरंच दुखावला.
ग्राफिक कार्डही नाही घेतलं.
ते झपाट्यानं उरकतं,
पण मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चौकोन सोडतं,
आणि माझ्याकडे होते ते सगळे मांडवच.

गोळीबार चौकातला बाबांचा स्टुडिओ रिकामा करताना
लोखंडी कपाटात निघाल्या एकशे त्र्याऐंशी कॅसेटी.
पाठीवर बाबांचं तिरकं अक्षर:
निखारे–धकाते, १२ मे ९६, बाकी ७००.
बाकी दिली नाही म्हणून न नेलेली लग्नं.
कोणी घर बदललं असेल, कोणाचं फाटलं असेल,
कोणी नुसतंच विसरलं.

पेस्ट लावली तुरीच्या दाण्याएवढी.
रात्री एकनंतर, खोली छत्तीसवर आली की
गुणक चढवत बसायचो.
त्रेचाळीस. चव्वेचाळीस. व्होल्टेजला एक टिचकी.
आकडा नव्वदला टेकला की
खिडकीतल्या कूलरचं तोंड यंत्राकडे फिरवावं
असा मोह व्हायचा.
ओल्या हवेची भीती, म्हणून नाही फिरवलं.
सत्तेचाळीसवर दोन तासांची परीक्षा पास झाली,
आणि पहाटे चारला
सप्तपदीच्या चौथ्या पावलावर
नवरा, नवरी, होम, भटजी सगळे निळ्या पडद्यात गेले.
पंचेचाळीसवर थांबलो.

आता तीन तासांचं लग्न पन्नास मिनिटांत आवळलं जातं.
मात्र त्याआधी ते व्हीसीआरवर चालावं लागतं,
आणि व्हीसीआरला गुणक नसतो.
तीन तासांचं लग्न तीन तासच घेतं.
म्हणून बसतो.
हजार वॅटच्या हॅलोजनखाली घामेजलेली नवरी,
जिलबीची परात, कोणाचा तरी रुसलेला मामा,
आणि चौकटीबाहेरून बाबा:
"बाई, इकडे पाहा. खालती नको पाहू."

खरखर काढायचं फिल्टर एकदा लावून पाहिलं.
मांडवातल्या कूलरची घरघर गेली,
तिच्यासोबत बाबांचा अर्धा आवाजही गेला.
फिल्टर बंद केलं.

काही लेबलांवर सहा आकडी फोन आहेत.
पुढे दोन लावून पाहतो.
बहुतेक ठिकाणी तीच बाई सांगते,
हा नंबर अस्तित्वात नाही.
परवा मात्र एक लागला.
मी कोण, कसली कॅसेट, कोणतं साल, सगळं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता कूलर ऐकू येत राहिला.
मग त्या बाईंनी विचारलं,
"बाकी किती होती?"