काट्यावरचं नाव

सत्तावीस वर्षं मी काटे तपासले.
वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात, रेडीच्या रेशन दुकानात,
आजगावच्या काजूवाल्यांकडे.
खिशात शिक्का, पिशवीत पितळी वजनं
आणि पावतीखाली सही: मिठबावकर.
मिठबाव मी पाहिलेलं नाही.
पणजोबा तिथून का निघाले, तेही कुणी सांगितलं नाही.

मार्चअखेर, शिरोड्याचं आगर.
भरतीचं पाणी कोपऱ्यांत कोंडून उन्हाच्या हवाली केलेलं.
शेवंती आरोंदेकर गोणी आकड्याला लावत होती.
काटा जुना, सासऱ्याच्या वेळचा,
पितळी तबकडी खाऱ्या वाऱ्यानं हिरवी पडलेली.
अंगठ्यानं पुसली तेव्हा अक्षरं वर आली.
"ह्यां काय लिवलांहा?"
सॉल्टर, म्हटलं. बनवणाऱ्याचं आडनाव.
"अगो बाय! आमी काट्याकच सालटर म्हणतो.
माका वाटलां, सालटर म्हंजे काटो."

मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं.
ते काही मी तिला सांगितलं नाही.

शनिवारी नगरवाचनालयात जाडा कोश उघडला.
'एस'ची पानं वाळवीनं कुरतडलेली,
सॉल्टर तेवढा वाचला होता.
मीठ करणारा. किंवा विकणारा.
कुठल्याशा धुकट किनाऱ्यावर, हजारेक वर्षांमागे,
शिशाच्या कढईत समुद्र आटवत बसलेला कुणी.
ऊन भरवशाचं नाही, म्हणून लाकडं जाळणारा.
त्याला हाक मारायची तर त्याच्या हातांकडे बघून मारत.
मग मुलगा लोकर विकायला लागला,
नातू घोड्यांना नाल ठोकू लागला,
पतवंडाला समुद्र ठाऊकच नव्हता,
तरी हाक तीच राहिली,
घासलेल्या भांड्याच्या कडेला खार राहतो तशी.
पुढे त्यांतल्याच कुणी स्प्रिंगा वळल्या,
आणि ते नाव लोखंडाबरोबर बोटीत चढलं.

आपण गावाला 'कर' जोडतो आणि गाव सोडतो.
त्यांनी कामाला नाव जोडलं आणि काम सोडलं.

खाली बारीक टायपात कोशकाराची शंका होती:
क्वचित, तारांचं एक वाद्य मांडीवर घेऊन छेडणारा.
नक्की सांगता येत नाही.

सोमवारी परत गेलो. मिठापुरतंच सांगितलं.
"म्हंजे सालटर मीच," शेवंती म्हणाली.
फळीनं मीठ ओढता ओढता, पाठ न सरळ करता.
"आनी तू कोण?"
मी? नावात मीठ असलेला अळणी माणूस.
ती हसेल वाटलं होतं. ती हिशोब करत होती.
"नाव माजां, काटो त्येचो, दर वेपाऱ्याचो."
मग जरा थांबून,
"आनी आरोंदेकर घोवाचां.
म्हायारचां आता कोण इचारता?"

मी विचारलं नाही. मला काट्याचं काम होतं.

प्रमाणित वजन आकड्याला अडकवलं.
वीस किलोला साडेएकोणीस.
पुन्हा अडकवलं. साडेएकोणीस.
म्हणजे चाळीसच्या गोणीमागे किलोभर मीठ
ही बाई, तिच्याआधी सासू,
व्यापाऱ्याच्या ट्रकात फुकट चढवत आल्या होत्या.
कायद्यानं काटा जप्त.
पावतीपुस्तक काढलं, पेन उघडलं.
बोटांवरच्या भेगांत मीठ गेलेलं, चुरचुरत होतं.
'मालकाचे नाव' या रकान्यापाशी मी थांबलो.

तोवर तिनंच वजन आकड्यावरून उतरवलं.
स्प्रिंग झटक्यानं वर गेली
आणि थरथरत राहिली,
बारीक, लांबट,
रिकाम्या कोपऱ्यांवरून शेवऱ्यांपर्यंत जाणारा एक आवाज.
कोशातली दुसरी नोंद मी तिला सांगितली नव्हती.
ती मान किंचित कलती ठेवून ऐकत होती.
"दर टायमाक असोच वाजता," म्हणाली,
आणि पुढची गोणी ओढायला वळली.