थकलेलं बिल

ओन्येकवेरे उस्तादांकडे मी ब्रश धुवायला लागलो
तेव्हा एनुगुत कोळसा होता, बिअर होती
आणि देशाला जेमतेम पाच दिवस झाले होते.
पहिली पाटी सात फुटी, इरोको लाकडाची :
बियाफ्रा प्रजासत्ताक. खाली, सचिवालय, एनुगु.
वर उगवता सूर्य, अकरा प्रांतांचे अकरा किरण.
नीट मोजून काढ, म्हणाले,
सरकारी काम आहे, उद्या कोणी मोजेल.

जुलैत न्सुक्काकडून तोफा ऐकू यायला लागल्या.
ऑगस्टात उलट आमचीच माणसं नायजर ओलांडून
बेनिनला, तिथून पुढे ओरेपर्यंत गेली.
शेजारचा शिंपी लागोसमध्ये दुकान कुठे टाकावं
याचा विचार करत होता.
बेनिनचाही वेगळा देश झाला,
त्याची पाटी हवी, तातडीने, असा निरोप आला.
तो देश एक दिवस टिकला.
एनॅमल सुकायला दोन लागतात.

ऑक्टोबरात एनुगु पडलं.
पाटी उतरवायला पेचकस मिळेना,
उस्तादांनी उगोये काकूंच्या चमच्याने स्क्रू काढले.
राजधानी निघाली उमुआहियाला,
विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन :
फायली, टाइपरायटर, कुठल्याशा साहेबांच्या कोंबड्या,
आणि लॉरीच्या टपावर, पाटीवर बसलेले आम्ही.
सूर्य खाली.

एनुगु खरवडून उमुआहिया लिहिलं. बाकी मजकूर तोच.

मग कालाबार गेलं. ओनित्शा गेलं,
तिथला पूल तर आम्हीच उडवला होता.
पोर्ट हारकोर्ट गेलं तेव्हा लोक तेलासाठी हळहळले,
उस्ताद पिवळ्या रंगासाठी.
त्यांचा दुकानदार तिथला.
त्या वर्षी चार देशांनी आम्हाला देश म्हटलं.
उस्तादांनी चारही नावं एका फळीवर काढली,
पाचव्यासाठी जागा सोडली.
समोरच्यांना इंग्रज बंदुका देत होते, रशियन विमानं.
एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे
आमच्याबाबतीत एकमताचे.

मीठ औषधासारखं, चिमटीने.
आधी पाली संपल्या, मग कसावाची पानं.
धाकट्या अडाकुचं पोट वर आलं
आणि केस तांबूस होत गेले, मुळापासून.
उस्ताद तिच्याकडे खूप वेळ बघत बसायचे.
एकदा म्हणाले, हा रंग मला कधी जमला नाही.
उगोये काकू उठून बाहेर गेल्या.
रात्री उलीच्या रस्त्यावर विमानं उतरायची
दिवे क्षणभर लावून, क्षणात विझवून.
दुधाची पावडर आली त्या आठवड्यात
अडाकु नव्हती.

पुढच्या एप्रिलात उमुआहिया पडलं
आणि त्याच आठवड्यात ओवेरी आम्ही परत मिळवलं.
मग काय, पाटी ओवेरीला.
तांबडी माती, काजळी, पामचं तेल,
पिवळ्याच्या जागी काहीतरी पिवळट.
उस्ताद, किरण किती काढू?
त्यांनी ब्रश कानामागे खोचला.
अकरा. मोजायला कोणी उरलं तर मोजेल.

जानेवारीत, हरमॅटनच्या धुळीत, सगळं संपलं.
विमानं गेली, साहेब गेले,
रेडिओवरचा आवाज खरखरत म्हणाला, बस.
लागोसहून जाहीर झालं की कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही.
बँकेत उस्तादांचे तीनशे बारा पौंड होते.
वीस मिळाले.
मागच्या माणसाचे चार हजार होते. त्यालाही वीस.

मग एक तरुण कॅप्टन आला, सभ्य होता,
नवं नाव लिहून घेऊन : पूर्व-मध्य राज्य.
फळी तीच. उस्तादांनी वरून खाली सगळं खरवडलं,
फक्त सचिवालय ठेवलं.
स्पेलिंग बरोबर आहे, म्हणाले.

जुनं बिल माझ्याकडे आहे.
प्रति, पुढे कोरी ओळ.
पाटी एक, तीनदा. बेनिन, अर्धवट.
लॉरीभाडं आमचं आम्ही.
उगोये काकूंनी मागून आपल्या हाताने घातलेली
शेवटची नोंद :
चमचा, एक. वाकलेला.