नावे

न्यूपोर्टच्या धक्क्यावर बर्फ. दौतीत शाई गोठलेली.
ती काखेत धरून ऊब देते,
मग रोजकीर्द उघडते.

बाबांची नजर गेल्यापासून खतावणी माझ्याकडे.
ते शेजारी बसून आकडे ऐकतात,
हातचे पोर्तुगीजमध्ये धरतात.
मेणबत्ती आमच्याच कारखान्यातली,
देवमाशाच्या मस्तकातलं मेण, धूर नाही, वास नाही.

बार्झिलाय स्वेन: तेल अकरा पिंपं, जमा.
त्याच्या नावे: हॅट एक, चहा दोन पौंड, बायकोसाठी सुया.
रोकड कुणाकडेच नसते.
विधवा मेहितेबल चीज देऊन जाते, ते आम्हाला चालत नाही,
म्हणून ते सुताराकडे फिरतं,
आणि सुतार आमच्या छपरावर चढतो.

शुक्रवारी सूर्य कलायच्या आत रेघ ओढते.
शनिवार नाही.
त्याच्या जागी बोटभर कोरा कागद, की लगेच रविवार,
गाव चर्चमध्ये, दुकानाला फळ्या, आणि मी लिहायला बसलेली.

ही जागा सोडायला मला बावन्न वर्षं लागली, बाबा म्हणतात.
लिस्बनमध्ये शनिवारी मुद्दाम जास्त लिहायचो,
कुणी वही तपासलीच तर.
तिथे ते दुआर्ते होते. इथे बोटीतून उतरले ते अव्राम.
जुन्या वहीत दुआर्तेच्या नावे चाळीस मिलरेइस बाकी आहेत.
माणूस उरला नाही, बाकी उरली.
अव्राम ती दरवर्षी पुढे ओढतात,
फेडायची कुणाला, ते सांगत नाहीत.

या आठवड्यात माझ्या नावाचं गलबत आलं. ग्रासिया.
इथून गेली होती रम, एकशे वीस पिंपं.
परत आली काकवी, आणि बार्बाडोसच्या हुंड्या.
कप्तानाच्या कागदावर मधली एक ओळ:
गँबिया नदी. पुरुष एकोणचाळीस. बायका एकवीस.
पोरं, इथे पाणी पडून आकडा पसरलाय.
वाटेत घट: चौदा.

घट हा शब्द मी ओळखते.
गळक्या पिंपांपुढे रोज लिहिते.

बाबा, हे कुणाच्या नावे?
त्यांची बोटं थांबली.
मालाच्या, ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाला: वाच पुन्हा.

मी पुन्हा वाचलं.
पिंपाला मालक होता, सुयांना बाई होती,
चीजलासुद्धा मेहितेबल होती.
साठ माणसं, पोरं वेगळी,
आणि त्या सगळ्या ओळीत एकच नाव, माझं,
गलबताच्या जागी.

लिहिलं. अक्षर चांगलं आलं.
बेरीज जुळली, पेनीचाही फरक नाही.
खाली बोटभर जागा सोडली.
बाबांना ती दिसणार नव्हती.

त्यानं काही झालं नाही.
सोमवारी बार्झिलाय आला, टोपीवरचा बर्फ झटकत,
म्हणाला, सुया गंजक्या निघाल्या,
माझ्या नावे आहेत त्या खोडा.
मी खोडल्या.