डावा कोपरा

आमच्या गल्लीत शिडी एकच.
कुणाची, ते आता कुणालाच धड सांगता येत नाही.
एउस्तोलिया म्हणते, माझ्या सासऱ्यांची.
पण ती तर माझ्या कोंबड्याही स्वतःच्याच म्हणते.

मे उजाडायच्या आत
मेक्सिकालीत हात फिरवावा लागतो घरांवरून.
कूलरच्या जाळीतलं जुनं गवत उपसायचं,
वर्षाची धूळ त्यात चिखल होऊन बसलेली,
कधी एखादं चिमणीचं पिल्लू, वाळून कागद झालेलं.
मोटारीला तेल. गळक्या नळाला चिंधी.
मग गच्चीला पांढरा रंग, दोन हात,
म्हणजे जुलैत निदान
भिंतीला पाठ टेकता येते.

निकानोरचं घर सहा वर्षं बंद आहे.
तो पलीकडे.
पलीकडे म्हणजे फार लांब नाही हो,
आमच्या गल्लीचं टोक, मग कुंपण,
मग कुंपणाला कुंपण,
मग तो.
आला तर पुन्हा जाता येणार नाही,
म्हणून येत नाही. रंगाचे पैसे पाठवतो.

यंदा मी चढले, चायोचा पोरगा चढला,
आणि रेमिहियो, ज्याला चक्कर येते
पण सांगून ऐकत नाही.
सकाळी सहाला डबा उघडला.
नऊला तळव्यांना चटके.
रेमिहियो टाकीच्या सावलीत बसून
निकानोरच्या लग्नातल्या बकऱ्याबद्दल बोलत राहिला,
किती तिखट होता, कोण कोण रडलं.

उतरलो. हात धुतोय तोवर फोन.
"डावा कोपरा राहिला.
टाकीच्या मागचा."
म्हटलं, तुला रे काय ठाऊक?
तो हसला. फोनमध्ये वारा वाहत होता,
कुणीतरी खिळे ठोकत होतं.
"मीपण गच्चीवरच आहे. कुणाच्या तरी.
इथून दिसते आपली.
पांढरी झालीय, डावीकडे तेवढी मळकी."

शिडी एव्हाना तीन घरं पुढे गेली होती.
मागायला गेले तर
एउस्तोलिया वरूनच ओरडली, माझं झालं की देते,
सासऱ्यांची आहे ती.
मी खाली उन्हात थांबले,
डब्यातला उरलेला तळ
काठीने ढवळत,
साय धरू नये म्हणून.