थाळनेरचं खापर

केळीच्या रोपांचं शिकायला आलेला माजोक
म्हणाला, माझा देश माझ्या मुलीपेक्षा
दोन वर्षांनी लहान.

रविवार होता. त्याला थाळनेरला नेलं.
तापीनं किल्ला कडेकडेनं खाल्लाय,
उरलेल्यावर सुपडू कोळ्याच्या शेळ्या.
राजधानी होती ही, मी म्हटलं
आणि अडखळलो. कुणाची, ते सांगायचं तर
खानदेश खानाचा की कान्हाचा
इथूनच भांडण.

तो म्हणाला, आम्ही नाव ठरवायला
बैठक घेतली. चहा दोनदा झाला.

सुपडू म्हणाला, "हाऊ कथाईन उना?"
नव्या देशातून.
"नवा?"
त्यानं काठीनं माती उकरली,
एक खापर धोतराला पुसून
पाहुण्याच्या हातावर ठेवलं.
"ले. आमनाकडे गंज शे."

नक्षी नव्हती. बूड जळून काळं.
"राजाचं?"
"काय माहीत. कुणाची तरी भाजी करपली असेल."

शिरपूर येईपर्यंत माजोक गप्प.
मग खापरावरून अंगठा फिरवत म्हणाला,
झेंडा चढला त्या रात्री
आमचीही करपली होती.
चुलीपाशी कुणी नव्हतंच, सगळे रस्त्यावर नाचत होते.
सकाळी बायकोनं घासघास घासलं,
आणि दिलं फेकून.