वाळेपर्यंत

बिबवेवाडीच्या पोस्टात, काउंटर नंबर तीन.
डिसेंबरात लोक स्वेटरच्या बाह्या सावरत पासबुकं पुढे करायचे
आणि माझ्या मानेखालून जाळ उठायचा.
एकदा शिक्का मारताना घामाचा थेंब पडला,
तारीख फुगली, वाचता येईना.
"मॅडम, पंखा बंद करू?" मफलरातून चिंधू पोस्टमन.
म्हटलं, हात लावून बघ.

घरी भानुदास
टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसलेला.
टूलरूममध्ये मायक्रोमीटरवर केसाचा फरक पकडणारा माणूस,
मिशी कोरायची विसरू लागला.
रात्री भिंतीकडे तोंड.
मला वाटलं, मी नकोशी झाले.
त्याला वाटलं, मी रागानं पांघरूण फेकते.
दोन वर्षं हा गैरसमज
आम्ही चक्रवाढ व्याजानं सांभाळला.

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, गुलकंद खा.
भिशीतली एक म्हणाली, हार्मोन? नको गं बाई.
माझ्या मावशीचं नाव कुणीच काढलं नाही,
आठवली मात्र सगळ्यांना.

कॅम्पात, डॉक्टर तस्नीम यांच्याकडे,
लाकडी जिन्यावर, नंबर सतरा आणि अठरा.
त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या.
बाईची कात्रजच्या घाटासारखी:
वळण, वळण, आणि एकदम खाली.
पुरुषाची, धनकवडीहून स्वारगेटला जाणारी,
इतका सावकाश उतार
की पायडल मारायचं थांबलेल्यालाच कळावा.
"सगळ्या पुरुषांना औषध लागत नाही.
यांचं रक्त दोनदा पाहिलं, सकाळी लवकर. दोन्ही वेळा कमी."
मग माझ्याकडे वळून: मावशीला कितव्या वर्षी झाला?
एकाहत्तराव्या.
मॅमोग्राफीचा कागद उजेडाकडे धरला, खाली ठेवला.
"धोका शून्य नाही. शून्य म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.
तारुण्य मिळणार नाही. झोप मिळेल."
गर्भाशय आहे म्हणून मला रात्रीची एक कॅप्सूल वेगळी.
भानुदासला अखेर बोलायला जागा सापडली:
"म्हणजे मशीन नवं नाही, ग्रीस घालायचं."
"आणि ग्रीस जास्त झालं तर रक्त दाट होतं.
तीन महिन्यांनी या."

आता न्हाणीघरातल्या फळीवर दोन जेल.
मार्करनं लिहिलंय: उ. आणि भा.
माझं दंडाला, त्याचं खांद्याला,
आणि त्याचं मला लागता कामा नये.
हात साबणानं धुवायचे, वाळेपर्यंत अंतर,
मग शर्ट. नातीला त्याआधी उचलायचं नाही.
जवळ येता यावं म्हणून आणलेलं औषध,
त्याचा पहिलाच नियम: लांब बस.

म्हणून सकाळी साडेसहाला, गॅलरीत,
दोन खुर्च्या, मधे कुंडीएवढी जागा.
तो ओल्या रंगाच्या दारासारखा,
हात अंगापासून दूर धरून.
तळजाईवर एखादा मोर ओरडतो.
खालच्या मजल्यावर कुणी तरी मिक्सर लावतं.
मिठी जशी लगेच परतली नाही, तशी झोपही नाही,
पहिला महिना नुसतं डोकं दुखलं,
दुसऱ्यात मी एकदा सहा तास सलग झोपले
आणि उठून घाबरून त्याला हलवलं, की काय झालं.

या खुर्चीतच त्यानं सांगितलं
की मागच्या पावसाळ्यात त्यानं एक डाय बिघडवली होती,
शिकाऊ पोरानं दोष अंगावर घेतला,
आणि हा गप्प राहिला.
नाव प्रणील, भोरचा. अजून समोर आला की नजर चुकते.
मी फुगलेल्या तारखेची गोष्ट सांगितली.
तो हसला, मग हसताना थांबला:
"एवढं पेटत होतं, आणि मला बोलली नाहीस?"
मी म्हटलं, भिंतीला कसं सांगू.

पाच-सात मिनिटांत वाळतं ते.
मला माहीत आहे, चिठ्ठी मीच वाचून दाखवते.
तो विचारतो, "वाळलं?"
त्याचा खांदा कोरडा, उन्हात साधा दिसतोय,
शर्ट माझ्याच मांडीवर घडी घातलेला.
प्रणीलला त्यानं शेवटी काय सांगितलं
हे अजून यायचंय.
"नाही," मी म्हणते. "थांब जरा."