भाव

प्रोफेसर डेल्फीन काचमारेक
कादंबऱ्यांमधले भाव टिपून ठेवायच्या.
भाव म्हणजे दर. पावाचा, खोलीचा,
फाटका कोट उलटून शिवण्याचा.

बफेलो शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
सरोवरावरून येणारं हिम खिडकीला थापलं जात असताना
मी त्यांचे खण उघडायचो. एकोणीसशे वीस ते सत्तर,
बावीस हजार कार्डं, पेन्सिलीचं बारीक अक्षर.
कॉफी, पाच सेंट.
खोली, आठवड्याला चार डॉलर, उंदरांसकट.
अंगठी, हप्त्याने; नवरा पळाला तरी तीन हप्ते बाकी.

विभागातले बाकीचे एकाकीपणावर लिहीत,
महामार्गांवर, देव नसण्यावर.
डॉक्टर पेल्टियर जेवताना हटकून विचारायचे,
"काय डेल्फीन, आज बटाटे काय भाव?"
बाई मान वर न करता : "कुठल्या साली?"

मला एकदा म्हणाल्या,
निवेदक खोटं बोलतो, प्रियकर तर बोलतोच,
पण पावाच्या किमतीबद्दल खोटं बोलावं
हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.
तिथे दार उघडं राहतं. तिथून आत जायचं.

त्या निवृत्त झाल्या त्या मे महिन्यात आम्ही खोकी भरत होतो.
जागा नाही, असं ग्रंथालयाने फार नम्रपणे कळवलं होतं.
तळाच्या खणात जाड गठ्ठा, रबर कुजलेलं.
कार्डांवर पुस्तक, पान, ओळ.
पुढे कोरं.
"ही अर्धवट राहिलीत?"
"नाही. इथे पैसे दिले जातात, पण किती, ते लेखक सांगत नाही."
मी वाचत गेलो. शवपेटी. शवपेटी.
गावाबाहेरच्या सुईणीला मागच्या दाराने दिलेलं पाकीट.
शवपेटी.

बाई खोक्यावरच बसल्या.
वडील लॅकवॅनाला पोलादाच्या भट्टीवर.
दर शुक्रवारी पगार टेबलावर ओतायचे,
वहीत पै न् पै : दूध, कोळसा, चर्चची पेटी, डेल्फीनचे बूट.
सत्तावन्नच्या नोव्हेंबरात धाकटा स्टॅश गेला, मेंदूज्वराने.
त्या आठवड्याच्या पानावर दूध आहे, कोळसा आहे.
मग एक आडवी रेघ.
"किती, ते मी कधी विचारलं नाही,"
त्या म्हणाल्या, आणि चिकटपट्टी शोधू लागल्या.
ती त्यांच्या हातातच होती.

मला तासाला साडेअकरा डॉलर मिळायचे.
शनिवारी कामाचा तक्ता भरला,
सोमवार, मंगळवार, सगळं नीट.
गुरुवारी दोन ते तीन
कोरं सोडलं.